दिवसा १३४, रात्री १४६ : किडनीच्या रुग्णाचं बीपी रात्री का चढतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय ६१, मधुमेह १४ वर्षांपासून, क्रिएटिनिन २.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३५, लघवीतून प्रथिनं जातात. दवाखान्यात बीपी नेहमी १३०-१३५ च्या घरात. पण २४ तासांचं बीपी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा दिवसाची सरासरी १३४/७८ आणि रात्रीची १४६/८२ आली. एका डॉक्टरांनी सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगितली, दुसऱ्यांनी काही बदलू नका म्हटलं. संध्याकाळी पायांवर सूज असते, रात्री तीनदा लघवीला उठतात, घोरतात. आता करायचं काय?

रेकॉर्डिंग करून घेतलंत हे फार चांगलं केलंत. मी २४ वर्षं किडनीचे रुग्ण बघतोय, आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मी फक्त माझ्या टेबलाशी मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. एक शिक्षक चार वर्षं माझ्याकडे येत होते. दर वेळी बीपी १२८, १३०. तरी लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रथिन) वाढत होतं, आणि इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. मग एकदाचं २४ तासांचं रेकॉर्डिंग केलं, तर जवळजवळ सगळी रात्र १५० च्या वर. चार वर्षं रोज रात्री सात-आठ तास त्यांची किडनी आणि हृदय तो दाब सोसत होतं, आणि मी त्यांना 'छान आहे, असंच चालू ठेवा' म्हणत होतो. तो कागद हातात घेतल्यावर काय वाटलं ते अजून विसरलेलो नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतोय.

गोळीच्या वेळेचं शेवटी सांगतो, कारण माझ्या मते बाबांच्या बाबतीत तो मुख्य प्रश्न नाहीच. किडनीच्या रुग्णाचं रात्रीचं बीपी बहुतेक वेळा मीठ आणि पाणी अंगात साठल्यामुळे चढलेलं असतं. त्याला हात न लावता गोळी सकाळची रात्री केली, तर फार काही हाती लागत नाही.

निरोगी माणूस झोपला की त्याचं बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. १९८८ साली डब्लिनच्या ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापलं. ज्यांचं बीपी रात्री उतरतं त्यांना त्यांनी 'डिपर' म्हटलं आणि ज्यांचं उतरत नाही त्यांना 'नॉन-डिपर'. नॉन-डिपरांमध्ये पक्षाघात होऊन गेलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. तेव्हापासून हे शब्द रुळले. रात्री उतरायचं सोडून चढतंच, अशांना 'रिव्हर्स डिपर' किंवा 'रायझर' म्हणतात. बाबांच्या रिपोर्टवर यातलाच एखादा शब्द असेल. त्यांचं दिवसाचं वरचं बीपी १३४ आहे, म्हणजे १० टक्के उतरलं असतं तरी रात्री १२० च्या आसपास दिसायला हवं होतं. रेकॉर्डिंगमध्ये दिवसाची सरासरी १३५/८५ आणि रात्रीची १२०/७० किंवा त्याहून जास्त आली, की आपण ती वाढलेली धरतो. त्या हिशेबाने बाबांचा दिवस मर्यादेत बसतो आणि रात्र मर्यादेच्या कितीतरी वर जाते. दवाखान्यात कोणाला शंका आली नाही, ती यामुळेच.

आता हा आकडा खरा आहे का, ते आधी तपासू. दंडाला पट्टा बांधून झोपायचं, अर्ध्या-एक तासाने तो आवळणार, मशीन गुरगुरणार. बऱ्याच लोकांना त्या रात्री झोपच लागत नाही, आणि जागं राहिलं तर बीपी उतरणार कसं? बाबांना विचारा, त्या रात्री झोप कशी होती. दुसरं, दिवस आणि रात्र कोणत्या वेळेला धरलीय ते रिपोर्टवर बघा. काही ठिकाणी मशीनमध्ये ठरलेलं असतं, रात्री दहा ते सकाळी सहा. बाबा बारा वाजता झोपले असतील, तर जागेपणीचे दोन तास रात्रीत मोजले गेले. दुपारच्या वामकुक्षीनेही असाच घोळ होतो: दुपारी दीड तास गाढ झोपलं की दिवसाची सरासरी खाली येते आणि रात्रीशी फरक कमी दिसतो. माझ्याकडे एका कारखान्यातले रात्रपाळीचे वॉचमन रिव्हर्स डिपर म्हणून पाठवले गेले होते. ते बिचारे रात्रभर गेटवर उभे होते आणि दिवसा झोपले होते, वेळा उलट्या लावल्यावर ते व्यवस्थित डिपर निघाले.

शिवाय डिपर-नॉन-डिपर हा शिक्का एका रात्रीवर मारू नये. तीच व्यक्ती महिन्याभराने तपासली, की बरेचदा दुसऱ्या गटात जाते. मी शिक्क्यापेक्षा रात्रीचा प्रत्यक्ष आकडा बघतो, आणि रात्रीची निदान सात चांगली मोजमापं मिळाली आहेत का ते बघतो. पण १४६ हा आकडा इतका वर आहे, आणि सोबत सूज, रात्रीची लघवी, घोरणं हे सगळं इतकं जुळतंय, की तो केवळ पट्ट्याच्या त्रासाने आला असेल असं मला वाटत नाही.

हे होतं कशामुळे? आपण खातो ते मीठ लघवीतून बाहेर टाकणं हे किडनीचं मोठं काम. चांगली किडनी ते बरंचसं दिवसा उरकते. रात्री लघवी कमी होते, त्यातलं सोडियमही कमी असतं, आणि बीपीला खाली यायला मोकळीक मिळते. ज्या किडनीच्या गाळण्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या आहेत, तिला तेवढंच मीठ दिवसात संपवता येत नाही. उरलेलं काम रात्रीवर जातं. आणि थोड्या गाळण्यांमधून तेवढं मीठ बाहेर ढकलायला दाब जास्त लागतो, म्हणून ते बाहेर पडेपर्यंत बीपी वरच राहतं. जपानमधल्या फुकुदा, किमुरा यांच्या गटाने हे नीट मोजून दाखवलं: किडनीचं काम जसं कमी होत जातं, तसं रात्रीच्या लघवीतलं सोडियम आणि रात्रीचं बीपी दोन्ही दिवसाच्या तुलनेत वाढत जातं. त्याआधी १९९७ साली उझु आणि किमुरा यांनी साध्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचं मीठ कमी केलं, तेव्हा नॉन-डिपर डिपर होऊ लागले. दोन वर्षांनी लघवीच्या गोळीनेही तोच परिणाम दिसला.

बाबा रात्री तीनदा उठतात याचा अर्थ आता वेगळा लागतो. घरात सगळे म्हणत असतील, वय झालं, प्रोस्टेट असेल, साखर असेल. तेही असू शकतं, आणि प्रोस्टेटची सोनोग्राफी करून घ्यावीच. पण पायांत दिवसभर साठलेलं पाणी आडवं झाल्यावर पुन्हा रक्तात येतं, आणि किडनी दिवसाचं राहिलेलं मीठ रात्री टाकत बसते. लघवी त्याचीच आहे.

म्हणून पहिलं काम मिठाचं. 'आम्ही मीठ कमीच खातो' हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि ते मनापासून म्हटलेलं असतं. मी घरच्यांना एक सोपा हिशेब करायला सांगतो. मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती २५ दिवसांत संपली, तर माणशी रोज १० ग्रॅम झालं. त्यात बाहेरचं फरसाण, पाव, वेफर्स, बिस्किटं धरलेलीच नाहीत. किडनीच्या रुग्णाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचं असतं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. जास्त पक्का हिशेब हवा असेल तर २४ तासांची लघवी साठवून त्यातलं सोडियम तपासा. ९० मिलिमोलच्या आसपास आलं तर ५ ग्रॅम मीठ, १७० आलं तर १० ग्रॅम. या तपासणीसमोर वाद संपतात. मी ती वर्षातून एक-दोनदा करतोच.

कुठून कमी करायचं? भात आणि भाकरी-पोळीच्या पिठात मीठ नको, ते कोणाला फारसं जाणवतही नाही. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत बाबांपुरती बंद करा. त्या जागी लिंबाची फोड ठेवा, तीही मोजकी, कारण पोटॅशियम जास्त असेल तर लिंबालाही मर्यादा येते. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट आणि सुके बोंबील, फरसाण ही सगळी साठवणीची मिठं आहेत. पापडखार, खायचा सोडा, पोटासाठी घेतलेलं फसफसणारं फ्रूट सॉल्ट आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं, याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मात्र डॉक्टरांनी आम्लतेसाठी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. सैंधव हेही मीठच आहे, त्याने फरक पडत नाही. आणि बाजारात 'लो-सोडियम' म्हणून मिळतं ते मीठ बाबांना अजिबात देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनीच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अगदी चांगल्या हेतूने आणलेल्या अशा मिठामुळे अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

'किडनीला पाणी भरपूर लागतं' असं सांगणारेही भेटतील. मुतखड्याच्या माणसाला ते लागू आहे. ज्याच्या पायांवर सूज आहे, त्याला तहानेपुरतंच पाणी.

मीठ कमी करूनही सूज आणि बीपी राहिलं, तर लघवीची गोळी लागते. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की ईजीएफआर ३० च्या खाली गेला की थायाझाइड गटाची औषधं (लघवीच्या गोळ्यांचा एक प्रकार) निरुपयोगी. २०२१ साली 'क्लिक' नावाच्या चाचणीने ते चूक ठरवलं. ईजीएफआर १५ ते २९ असलेल्या १६० रुग्णांत त्याच प्रकारचं क्लोरथॅलिडोन दिल्यावर १२ आठवड्यांत २४ तासांचं वरचं बीपी सुमारे ११ अंकांनी उतरलं, औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीने जवळजवळ काहीच नाही. पण हे औषध सांभाळून द्यायचं असतं. पोटॅशियम आणि सोडियम घसरणं, साखर आणि युरिक ॲसिड वाढणं, क्रिएटिनिन वर जाणं, चक्कर येणं, हे सगळं त्या चाचणीतही दिसलं, आणि आधीपासून फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड ही लघवीची दुसरी औषधं चालू असतील तर धोका जास्त. म्हणून अगदी थोड्या मात्रेने सुरू करायचं आणि दोन आठवड्यांत रक्त तपासायचं. लघवीची गोळी सकाळी घ्यायची. दुसरी मात्रा असेल तर दुपारी तीन-चारच्या आत. रात्री घेतली तर झोपेचं खोबरं होतं आणि अंधारात उठताना पडायची भीती.

सूज बघताना बाबांच्या गोळ्यांच्या यादीत ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी आहे का तेही बघा. त्याने घोट्यांवर सूज येते आणि ती साठलेल्या पाण्याची नसते. तिच्यासाठी लघवीच्या गोळ्या वाढवत बसू नये. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक असं काही औषधाच्या दुकानातून आणून घेत असतील तर ते आजच बंद. या गोळ्या मीठ धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि किडनीला थेट इजा करतात.

मधुमेह आणि प्रथिनं दोन्ही असताना टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या औषधांपैकी एक बाबांना चालू आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. दुसऱ्या गटाने रात्रीचं बीपी थोडंसंच उतरतं, ते द्यायचं कारण किडनी जास्त वर्षं टिकते हे आहे.

आता घोरणं. याच्याकडे आपल्याकडे गंमत म्हणून बघतात, आणि मला त्याची फार काळजी वाटते. आईंना विचारा: घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का, श्वास थांबून मग दचकल्यासारखा येतो का? सकाळी डोकं जड असतं का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? तसं असेल तर तो स्लीप ॲप्निया. श्वास अडला की प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून नसा आवळतं, बीपी उसळतं, आणि हे रात्रीतून पन्नास-शंभर वेळा होऊ शकतं. किडनीच्या रुग्णांत हा आजार बराच सापडतो, आणि त्यातही पाण्याचा हात आहे: पायांतलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडेही सरकतं आणि श्वासाची वाट अरुंद करतं. झोपेची तपासणी आता घरीही होते. निदान पक्कं झालं तर सीपॅप मशीन लागेल, जे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. ते सुरू झाल्यावर रात्रीची लघवीही कमी झाल्याचं रुग्ण स्वतःहून सांगतात.

आणखी एक तपासणी, जी दोन मिनिटांची आहे आणि बहुतेक ठिकाणी होत नाही. १४ वर्षांच्या मधुमेहात बीपी सांभाळणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा झालेली असू शकते. अशा माणसाचं बीपी आडवं असताना वर जातं आणि उभं राहिल्यावर कोसळतं. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला, तर रात्रीच्या बीपीसाठी औषधं वाढवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो, नाहीतर बीपी सुधारता सुधारता मांडीचं हाड मोडायचं. अशा रुग्णांना मी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगतो, डोकं अर्धा-पाऊण फूट वर येईल इतक्या. नुसत्या उशा रचून तो परिणाम मिळत नाही, कारण त्यात फक्त मान वाकते.

आता गोळीची वेळ. स्पेनमधल्या काही अभ्यासांनी रात्री गोळी घेतल्याने हृदयविकार आणि पक्षाघात खूप कमी झाल्याचं मांडलं, आणि जगभर डॉक्टर रात्री गोळ्या द्यायला लागले, मीही दिल्या. पुढे त्या आकड्यांवर बरेच आक्षेप आले. २०२२ साली ब्रिटनमधली 'टाइम' ही मोठी चाचणी छापून आली. २१ हजारांहून जास्त लोक, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि सकाळी घेणारे व संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू यांत फरक नाही. ते सगळे किडनीचे रुग्ण नव्हते हे खरं. पण २०१३ साली अमेरिकेत किडनीचा आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांतही गोळ्या झोपताना देऊन पाहिल्या होत्या, तेव्हा रात्रीचं बीपी लक्षात येईल इतकं उतरलं नव्हतं. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर फार चुकलेले नाहीत. रात्री घेतल्याने बहुधा नुकसान नाही, फायदाही बेताचाच.

मी वेळ बदलतो ती दोन कारणांनी: औषधाचा असर २४ तास पुरत नसेल तर, किंवा सकाळी सगळ्या गोळ्या एकदम घेऊन रुग्णाला अकरा वाजता गरगरत असेल तर. पहिल्या कारणासाठीही वेळ बदलण्यापेक्षा जास्त वेळ टिकणारं औषध निवडणं बरं. प्राझोसिनसारखी, उभं राहिल्यावर बीपी पाडू शकणारी गोळी रात्री चालू असेल तर लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, दिवा लावायचा, मग चालायचं.

ज्यांच्या गावात २४ तासांच्या रेकॉर्डिंगची सोय नाही, त्यांनी घरी दंडाच्या मशीनवर सात दिवस मोजावं. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. आणि रात्री झोपण्यापूर्वी. प्रत्येक वेळी पाच मिनिटं शांत बसून दोनदा. सकाळचा आकडा रात्रीपेक्षा सतत वर असेल तर रात्री काहीतरी बिघडतंय असं समजून पुढे चौकशी करावी. काही मशीनला झोपेत आपोआप मोजायची सोय असते, तीही चालते. मनगटाच्या मशीनवर आणि घड्याळांवर औषधं ठरवू नका.

डायलिसिसवरच्या रुग्णांना हे सगळं दुप्पट लागू आहे. तिथे रात्रीच्या बीपीचं पहिलं औषध म्हणजे कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, हळूहळू खाली आणणं. २००९ च्या 'ड्रिप' चाचणीत औषधं न वाढवता फक्त एवढ्यानेच दोन डायलिसिसमधलं बीपी उतरलं. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर मात्र बीपी कधीही मोजायचं नाही, पट्टाही बांधायचा नाही.

बाबांच्या बाबतीत मी असं करीन. आधी उभं-आडवं बीपी, रक्तातलं पोटॅशियम आणि सोडियम, २४ तासांच्या लघवीतलं सोडियम, इको, आणि झोपेची तपासणी. मिठाच्या पिशवीवर आजची तारीख. औषधं तुमचे डॉक्टर याप्रमाणे बदलतील, एका वेळी एकच बदल. आडवं झाल्यावर दम लागला, छातीत दुखलं, किंवा बीपी १८०/१२० च्या वर जाऊन डोकं फुटायला लागलं, दिसायला अंधूक झालं, तर यातलं काहीही करत न बसता थेट रुग्णालयात. सगळं ठीक चाललं तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग, त्याच हातावर, नेहमीच्या दिवशी. त्या दिवशी कधी झोपले, कधी उठले, रात्री कितीदा उठले, दुपारी किती वाजता आडवे झाले, हे एका कागदावर लिहून रिपोर्टसोबत न्या. आणि दोन्ही रिपोर्टवरची रात्रीची सरासरी शेजारी ठेवून बघा. १४६ चे १३० झाले असतील तरी, शिक्का 'नॉन-डिपर'चाच राहिला म्हणून खट्टू होऊ नका.